आता सोडली तिने

लग्नाआधी मी सायकल चालवायचे, असं सांगितलं की लोक म्हणतात, "त्यात काय, आम्हीपण चालवायचो." त्यांच्या डोळ्यांसमोर चाळीच्या अंगणात गोल गोल फिरणारी दोन वेण्यांची मुलगी असते. मला राग येतो. मी चालवायचे म्हणजे रविवारी उजाडायच्या आत घाटकोपरहून निघायचे, आग्रा रोडने विक्रोळी मागे टाकून डावीकडे पवईला वळायचे, तलावाच्या कडेने आरे कॉलनीत शिरायचे, चढ चढून पलीकडे गोरेगावात उतरायचे आणि त्याच रस्त्याने परत येऊन आईच्या हाताखाली भाकऱ्या थापायला बसायचे. पंधराव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत. एखादा रविवार चुकला असेल तर तापाने किंवा पावसाने, कंटाळ्याने कधीच नाही.

हे सगळं वडिलांमुळे. त्यांचं घाटकोपरला तासावर सायकली द्यायचं दुकान होतं. दिवसभर दुसऱ्यांची पंक्चरं काढायची आणि रविवारी पहाटे स्वतःची सायकल काढायची, हा त्यांचा धर्म. देवळात मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांनी स्वतःसाठी एक रेसची सायकल जुळवली होती, खाली वाकलेल्या हँडलची, मडगार्ड नसलेली. माझी सायकल त्यांनी भंगारातल्या सांगाड्यावर उभी केली. कुठल्या कंपनीची, असं कुणी विचारलं की मी दुकानाकडे बोट दाखवायचे. अंगात भावाचा पायजमा, वर माझा झगा. आईने कपाळावर हात मारून घेतला होता, पण वडिलांसमोर तिचं काही चालायचं नाही.

ते पुढे आणि मी मागे. "वारा मी घेतो, तू फक्त चाक बघ," असं ते म्हणायचे. त्यांच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर माझं पुढचं चाक. तेवढं अंतर राखलं की पुढच्याच्या अंगामुळे वारा लागत नाही आणि निम्मा दम वाचतो. अंतर वाढलं की वारा मध्ये घुसतो आणि मग पाय मोडेपर्यंत पायडल मारलं तरी पुढचा माणूस हाताला लागत नाही. लोकांनी आरेतली झाडं पाहिली असतील. मी पाच वर्षं वडिलांचं मागचं चाक पाहिलं. त्यावर कुठे कुठे ठिगळ आहे तेही मला पाठ होतं.

बोलणं फार नसायचं. गोरेगावच्या उतारावर मात्र दोघंही पाय थांबवायचो. तेव्हा फ्रीव्हीलचा जो कटकट कटकट आवाज येतो, तो दोन सायकलींचा मिळून यायचा. लग्न होऊन बोरिवलीला आले, त्यानंतर कित्येक वर्षं खालून दूधवाला पाय थांबवून गेला की कणकेतले माझे हात थांबायचे. इतर बायकांना माहेर आठवतं म्हणजे आई आठवते, अंगण आठवतं. मला तो आवाज आठवायचा. हे आईला सांगितलं असतं तर तिने माझ्याशी बोलणं टाकलं असतं.

आता लग्नाचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

मला बघायला आले तेव्हा मी विसाव्यात होते. मुलाकडचे मूळचे मालवणकडचे, सासरे गिरणीत, घर बोरिवलीला. आम्ही घाटावरचे, पण मुलगा शिकलेला, नोकरीला लागलेला, म्हणून आमच्या घरी सगळे हवेत. मुलीकडच्यांचे कान त्या दिवशी वेगळेच होतात, हे ज्यांनी पोह्यांच्या बशा फिरवल्या आहेत त्यांना सांगायला नको. कुणी "उंची किती?" विचारलं की ऐकू येतं, "बुटकी आहे." कुणी "चहा फार छान झालाय" म्हटलं की वाटतं, साखर जास्त पडली. रस्त्यात पोलिसाशी हुज्जत घालणारे माझे वडील त्या दिवशी खुर्चीच्या काठावर बसले होते आणि पाठीला खुर्ची लागू देत नव्हते.

सगळं विचारून झालं. उठता उठता होणाऱ्या सासूबाईंनी पदर सारखा करत वडिलांना विचारलं, "चेडू सायकल चालयता म्हणतत, खरां काय?"

चेडू म्हणजे मुलगी, एवढं आम्हाला कळलं. आणि "म्हणतत" हे जरा जास्तच कळलं. आमच्याकडे "मुलगी सायकल चालवते म्हणे" असं कुणी म्हटलं तर त्यात कौतुक नसतं. आईचा चेहरा उतरला. वडिलांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लगेच म्हणाले, "चालवायची पूर्वी. आता सोडली तिने. तुमच्याकडे आल्यावर सायकलला हात लावणार नाही, माझा शब्द."

सासूबाई "असां काय" म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या. आदल्याच रविवारी मी गोरेगावला जाऊन आले होते.

माझी सायकल त्या आठवड्यात दुकानात गेली, तासावर द्यायच्या सायकलींमध्ये. मी वडिलांवर रागावले नाही. त्यांना तसं बोलावं लागलं, असं मी धरून चालले. राग धरला तो सासूवर. एवढं सगळं विचारून झाल्यावर जाता जाता तेवढं एक गालबोट लावायची काय गरज होती? हा राग मी तेवीस वर्षं जपला. भांडले कधीच नाही, कारण भांडायला त्या जागा देत नसत. माणूस चांगलं. पण त्यांनी "जरा पाणी दे गो" म्हटलं तरी कधी कधी माझ्या मनात यायचं, पाणी देते, सायकल घेतलीत ना माझी.

वडिलांनीही सायकलचं नाव माझ्यासमोर पुन्हा काढलं नाही. माहेरी गेले तर दुकानातून मागच्या मागे घरात न्यायचे. ते एकटे रविवारी जायचे की नाही, हेही मी कधी विचारलं नाही. पुढे त्यांनीही सोडली, असं भावाकडून कळलं.

पंच्याऐंशी साल असावं, भावाचा निरोप आला की बाबा चालताना दाराच्या चौकटीवर आपटतात. मोतीबिंदू असेल म्हणून दाखवायला नेलं तर काचबिंदू निघाला. मी बरोबर होते. डॉक्टर सरळ बोलणारे होते. म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती दिवस टिकते ते बघायचं. बाजूचं दिसणं आधी जातं, शेवटी नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं उरतं आणि मग तेही जातं. वडिलांनी हे सगळं दुसऱ्या कुणाचं असावं तसं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बस लवकर मिळेल ना तुला?"

त्या बसमध्ये मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. यांच्या डोळ्यांपुढे अंधार व्हायच्या आत यांनी मला एकदा सायकलवर बघायला हवं. त्यांना त्याचा काय उपयोग, मला माहीत नव्हतं. मला हवं होतं, एवढंच. बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत, आरेचा चढ चढून, आमच्या त्याच रस्त्याने. मी त्रेचाळीस वर्षांची होते, गुडघे दुखायचे, जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागायचं. आणि किती दिवस हातात आहेत ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी ताटाकडे बघत सांगून टाकलं, "मला सायकल चालवायची आहे. कुणाला आवडो न आवडो."

ह्यांचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी विचारलं, "कोणाक आवडणा नाय?"

"तुम्हाला."

"माका? मी कधी म्हटलंय?"

तेवीस वर्षांचं साठलेलं बाहेर आलं. मी त्यांना त्यांचाच प्रश्न त्यांच्याच सुरात म्हणून दाखवला. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी विचारलंय गो. विचारलंय म्हणजे नको म्हटलंय? माका बघूचां होतां. आमच्या गावात बाईमाणूस सायकलवर कोणी बघूक नाय. मी मनात म्हटलंय, ही येतली, रस्त्यार चलवून दाखवतली. तर तुझ्या बापाशीन सांगल्यान, सोडल्यान म्हणान. शब्द दिल्यान. मग मी कशाक बोलू? तुझ्या बापाशीचो शब्द मी मोडूक लावू?"

हे म्हणाले, "अगं, मला वाटलं तुलाच कंटाळा आला असेल."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं. कुणी नको म्हटलं नव्हतं. वडिलांनी न मागितलेला शब्द दिला, सासूबाईंनी तो मान राखून पाळला, आणि मधल्या मध्ये माझे तेवीस वर्षांचे रविवार गेले. मला जेवण गेलं नाही. सासूवरचा राग एका दिवसात काढून टाकायचा तर तो ठेवायचा कुठे? तो उचलून मी वडिलांवर ठेवला. ठरवलं, जाईन तेव्हा त्यांना विचारीन. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? हात दाखवून अवलक्षण कशाला केलंत? डोळे जायच्या आत त्यांनी मला बघायला हवं होतं, आणि त्यांनी हेही ऐकायला हवं होतं.

सायकल घरात होती, ह्यांची. स्टेशनला न्यायची म्हणून घेतलेली, उंच, मधल्या दांड्याची, गॅलरीत टॉवेल वाळत घालायच्या उपयोगाची. प्रश्न कपड्यांचा होता. गोल साडी नेसून दांड्यावरून पाय टाकता येत नाही आणि निऱ्या चेनमध्ये जातात. पंजाबी ड्रेस माझ्या वयाच्या बायका आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा घालत नव्हत्या, आणि मुलीचा मला होत नव्हता. मी पहिल्याच दिवशी साडी वर खोचून गेटपर्यंत गेले आणि पदरासकट आडवी झाले. कोपर सोलवटलं.

सासूबाईंनी कोपराला हळद लावली आणि त्यांच्या ट्रंकेतून एक हिरवं लुगडं काढलं. सासरे होते तेव्हाचं. "माका आता ह्या रंगाचा कशाक व्हया?" म्हणाल्या. त्या जन्मभर नऊवारीच नेसल्या, काष्टा घालून. भात लावणी, विहिरीचं पाणी, माडाखालची कामं, सगळं त्यात. मी बी.ए. झालेली, मला काष्टा येत नव्हता. तीन दिवस त्यांनी मला समोर उभं करून नेसवलं, सोडवलं, पुन्हा नेसवलं. काष्टा किती ओढायचा, पोटरीला किती घट्ट घ्यायचा, पदर कमरेला कुठे खोचायचा. मग स्टँडवर लावलेल्या सायकलवर मला बसवून पायडल मारायला लावलं आणि स्वतः जमिनीवर बसून लुगड्याचा काठ चेनजवळ येतो का ते बघत राहिल्या. हे म्हणाले, "दांडपट्टा तेवढा राहिला." सासूबाईंनी मुलाकडे एकदाच बघितलं, ते आत गेले.

मी रोज सकाळी गोराईच्या खाडीपर्यंत जाऊ लागले. रस्ता सपाट, वारा समोरून. पहिला आठवडा असा गेला की आपल्याला हे कधी येत होतं यावर माझाच विश्वास बसेना. पाय जड, छाती भात्यासारखी. धक्क्यावर होडीतून उतरणाऱ्या कोळणी पाट्या घेऊन बाजाराकडे निघालेल्या असायच्या. त्यातली एक माझा काष्टा बघून म्हणाली, "गो बाय, कोलीन झालीस, आन पाटी कुठं हाय?" बाकीच्या हसल्या, मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून त्या ओळख देऊ लागल्या. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी मात्र हसायचंही टाळलं, माझ्याऐवजी त्या माझ्या नवऱ्याकडे दयेने बघायच्या.

महिनाभरात दम आला. दहिसरपर्यंत जाऊन येऊ लागले, मग हायवेने गोरेगावपर्यंत. पण दर खेपेला भावाला वाण्याच्या फोनवरून विचारायचे तर उत्तर एक पायरी खालीच असायचं. आता पेपर वाचत नाहीत. आता चहाचा कप चाचपून घेतात. आता डाव्या डोळ्याला काहीच नाही. मी चढाची अजून तयारी करणार होते, ती सोडली. पुढच्या रविवारी येते म्हणून सांगितलं. नऊच्या सुमारास बाबांना बाहेर खुर्चीवर बसव, बाकी काही बोलू नकोस.

पहाटे सासूबाईंनीच काष्टा घालून दिला. लुगड्याच्या ओच्यात गुळाची पुडी बांधली.

आरेच्या चढावर मी दोनदा उतरले, खोटं कशाला सांगू. सायकल हातात धरून चालत चढले, धापा टाकत. पण चढ सुरू होण्याआधीच मला वेगळंच काहीतरी झालं होतं. त्या रस्त्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून सायकल चालवत होते. दोन्ही बाजूंना एवढी झाडं आहेत, गोठ्यांची एवढी लांबच लांब कौलं आहेत, मधूनच पलीकडच्या टेकड्या दिसतात, हे मला ठाऊकच नव्हतं. रस्ता सुंदर होता आणि मला तो नको होता. मला समोर ठिगळांचं चाक हवं होतं. वारा सगळा माझ्याच अंगावर येत होता. मी त्या रिकाम्या जागेकडे बघत इतकी रडले की एका म्हशीवाल्याने थांबून विचारलं, "क्या हुआ बहनजी, गिर गया क्या?" मी म्हटलं, नाही, डोळ्यात गेलं काहीतरी.

पवईचा उतार लागला तेव्हा मी पाय थांबवले. आवाज आला, एका सायकलचा. मग आग्रा रोड, कारखान्यांच्या भिंती, ट्रकवाल्यांचे हॉर्न. तिथून पुढे मी वडिलांना विचारायची वाक्यं तयार करत गेले. चांगली धारदार वाक्यं होती.

गल्लीत वळले तेव्हा ते खुर्चीवर होते. दुकान जाऊन तिथे भावाचं स्टेशनरीचं दुकान झालं होतं, खुर्ची त्याच्याच पायरीशी मांडलेली. पांढरा सदरा, दाढी केलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी घंटी वाजवत त्यांच्यासमोरून गेले. ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. त्यांच्या नळीत मी आलेच नाही.

भाऊ मागून आला आणि कानाशी म्हणाला, "बाबा, समोर बघा. रस्त्यावर बघा."

मी वळले, पुन्हा गेले. "काय आहे?" एवढंच ते म्हणाले. भावाने त्यांची हनुवटी धरली आणि मला हाताने खूण केली, हळू ये, मधून ये. तिसऱ्यांदा मी अगदी सावकाश, पडायच्या बेतात, त्यांच्या नजरेच्या रेषेत सायकल घातली. त्यांची मान माझ्याबरोबर वळली. थोडी वळली, मग मी त्यातून निघून गेले.

मी पाय टेकून मागे बघितलं. ते उठून उभे राहिले होते. म्हणाले, "गुडघे वर येतायत. सीट खाली आहे तुझी."

तेवीस वर्षांनी माझे वडील माझ्याशी सायकलविषयी बोलले. मला हसू आवरेना आणि रडूही. आरेत मी बापाला नुसतं आठवत होते, इथे बाप सापडला. ते "पाना आण" म्हणत होते, भाऊ दुकानात पाना शोधत होता, पोरांची पुस्तकं नि वह्या बाजूला सारत होता. वडील उकिडवे बसले. सीटच्या खालचा नट त्यांनी बोटांनीच शोधला, सैल केला, सीट दोन बोटं वर घेतली, पक्की केली. मला बसायला सांगितलं. मी भिंतीचा आधार घेऊन बसले, पायडल खाली नेलं. गुडघा किती वाकतो ते बघायला त्यांनी हात लावला, तो लुगड्याला लागला. बोटं काठावरून फिरली.

"हे लुगडं कुणाचं?"

"आमच्या आईंचं. सासूबाईंचं."

त्यांनी हात काढून घेतला. चेहरा तसाच झाला, खुर्चीच्या काठावर बसलेल्या त्या दिवशी होता तसा. आवाज खाली आणून म्हणाले, "त्यांना ठाऊक आहे? मी शब्द दिला होता, बाई. बोलणी तुला खावी लागतील."

माझी धारदार वाक्यं जिभेवर होती. बाबा, कुणी मागितलाच नव्हता शब्द. त्यांना मला बघायचं होतं. तुम्ही उगाच घाबरलात. एवढंच म्हणायचं होतं आणि ते खरं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. ज्या बाजूला मी होते तिथून जरा उजवीकडे ते बघत होते. हा माणूस तेवीस वर्षं मुलीच्या संसारासाठी काहीतरी मोजावं लागलं असं समजून होता. त्यानेही रविवार सोडले होते. आता मी त्याला सांगणार होते की ते सगळं फुकट गेलं, आणि मग तो ते घेऊन अंधारात बसणार होता.

"परवानगी दिली त्यांनी," मी म्हटलं. "स्वतःहून दिली. लुगडंही त्यांनीच दिलं."

मग त्यांनी ग्रीसचे हात सदऱ्याला पुसले आणि जोडले. "मोठ्या मनाची माणसं. माझा नमस्कार सांग त्यांना. म्हणावं, एवढ्या वर्षांनी का होईना, उपकार झाले." मला दुकानाच्या पायरीवर बसवून भावाच्या बायकोने चहा दिला. वडील पुढचा ब्रेक चाचपत होते.

मी त्याच सीटवर बसून परत आले. गुडघे दुखले नाहीत. चढावर पुन्हा उतरले, पण एकदाच.

संध्याकाळी सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी लुगड्याची घडी घालून त्यांच्याजवळ ठेवली आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. नमस्कारही सांगितला. त्यांच्या नावावर मी खोटं बोलून आले होते. न केलेल्या मनाईची परवानगी त्यांच्याकडून घेऊन आले होते, आणि माझ्या वडिलांच्या लेखी आता जन्मभर त्याच मला अडवणाऱ्या ठरल्या होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं.

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "बरां केलंस," त्या म्हणाल्या. "परत गेलंस तर सांग त्यांका, होय, मी नको म्हटलेलंय. आता होय म्हणतंय."